फू दाम पेठेची शिल्लक तहान

त्या वर्षीच्या मोजणीप्रमाणे फू दाम पेठेत घरं चारशे बारा, माणसं दोन हजार एकशे सदतीस, विहिरी चौदा, देवळं तीन, भिक्षुणींचा विहार एक, चर्च एक, परवान्याचं दारूचं दुकान एक आणि दारुडा एक, एवढा ऐवज होता. दारुड्याचं नाव क्वित. परवान्याच्या दुकानात त्यानं आयुष्यात पाऊल टाकलेलं नव्हतं.

दुकानाचा मक्ता लोंग शेठकडे होता. मक्ता असा की, फू दामच्या वेशीच्या आत दारूचा थेंब विकायचा तर तो लोंग शेठनंच विकायचा, आणि तोही फ्रेंच सरकारनं नेमून दिलेल्या कारखान्याचा. ती दारू तांदळाचीच असे, पण तांदळानं तिला ओळखलं नसतं. चाळीस अंशांची, काचेसारखी स्वच्छ, निर्जंतुक. वास नाही, चव नाही. गेल्या साली तिच्या त्रेचाळीस बाटल्या खपल्या होत्या. त्यांतल्या एकोणीस चर्चनं पितळी दिवे घासायला नेल्या, अकरा घोड्यांच्या वैद्यानं जखमा धुवायला आणि आठ सुतारांनी रोगण पातळ करायला. राहिलेल्या पाच गिऱ्हाइकांनी परत आणून दिल्या.

चिकट तांदळाची खरी दारू पेठेत सगळ्यांना मिळत असे. ती कुठे मिळते हे कुणी कुणाला विचारत नसे, कारण म्येन आजीचं घर सगळ्यांना ठाऊक होतं.

पेठप्रमुख थुआन हा सरळ माणूस होता. करवसुली, रस्तादुरुस्ती आणि साहेब आला की छत्री धरणं ही त्याची तीन कामं. काळजी मात्र एकच होती, ती वडिलांची. वडील वारून वर्ष झालं होतं, पण फू दाममध्ये तेवढ्यानं काळजी संपत नाही. मेलेली माणसं तिथे वर्षातून एकदा घरी जेवायला येतात. त्या दिवशी देव्हाऱ्यापुढे उकडलेली कोंबडी, चिकट भात, केळीच्या पानात वाफवलेले डुकराच्या मांसाचे वळे आणि दारूचे तीन छोटे पेले मांडतात. दार उघडं ठेवतात. उदबत्त्या जळून संपल्या की पाहुणा जेवून गेला असं धरतात आणि मग जिवंत माणसं पानावर बसतात.

वडिलांनी शेवटच्या दिवशी थुआनला जवळ बोलावून सांगितलं होतं, "माझ्या पेल्यात म्येन आजीचीच ओत. कंपनीचं पाणी ओतलंस तर मी दारातनंच माघारी जाईन. आणि एकदा गेलो की परत यायचा नाही, सांगून ठेवतो."

पहिल्या वर्षी थुआननं आजीची दारू मासळीच्या खाऱ्याच्या बरणीतून आणली होती आणि सगळं यथासांग पार पडलं होतं. दुसरं श्राद्ध मोठं. त्या दिवशी दुखवट्याचे पांढरे कपडे जाळतात आणि मेलेला माणूस घरचा पक्का पूर्वज होतो. त्या दिवशी रुसला तर कायमचा रुसला. ते श्राद्ध अकराव्या महिन्यात होतं. दुसऱ्या महिन्यात अबकारी खात्याचे पेरद्री साहेब पेठेत आले.

थुआननं छत्री धरली. साहेब दुकानासमोर उभे राहून धूळ बसलेल्या बाटल्या बघत होते.

"प्रमुख, माणूस दिवसाला पाणी किती पितो?"

"ते हवेवर आहे, साहेब."

"आणि दारू?"

"ते माणसावर आहे, साहेब."

"नाही," साहेब म्हणाले. "ते खात्यावर आहे."

खात्यानं शास्त्रशुद्ध हिशेब केलेला होता. माणशी वार्षिक तहान सात लिटर. थुआननं भीत भीत विचारलं, "तान्ही मुलं धरून, साहेब?"

"ही सरासरी आहे. सरासरीत तान्हं मूल नसतं."

सात लिटरांतून घरानं विकत घेतलेली दारू वजा केली की जी उरते तिला खात्याच्या भाषेत शिल्लक तहान म्हणत. शिल्लक तहान माणूस कुठे ना कुठे भागवणारच. दुकानात भागवत नाही, म्हणजे चोरून भागवतो. तेव्हा जो जितकी कमी विकत घेतो, तो तितकी जास्त चोरून पितो. या नियमात चूक काढायचा थुआननं बराच प्रयत्न केला. आकडेमोड बरोबर होती.

नियमानुसार पेठेतले सर्वांत मोठे गुन्हेगार भिक्षुणींच्या विहारात निघाले. झडतीला थुआनलाच पुढे व्हावं लागलं. थोरल्या भिक्षुणी हात जोडून म्हणाल्या, "साहेब, मी तीस वर्षं थेंबाला शिवलेली नाही."

"तीस!" साहेबांनी दचकून वर पाहिलं. "तीस गुणिले सात. एकट्या बाईची दोनशे दहा लिटर!" त्यांच्या आवाजात धाक होता, पण थोडा आदरही होता. विहाराचं अंगण कमरेइतकं खणलं. खारवलेल्या वांग्यांचे तीन रांजण सापडले. ते पुढील तपासासाठी जप्त झाले.

परतताना रस्त्यात क्वित आडवा पडलेला दिसला. साहेब थांबले. त्यांनी त्याच्या तोंडाजवळ वाकून श्वास घेतला आणि समाधानानं मान हलवली. "प्रमुख, या पेठेत आपली तहान लपवत नाही असा हा एकच माणूस. याला त्रास देऊ नका."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत चारशे बारा घरांत पोचलं. दुसऱ्या दिवसापासून पेठेतली सभ्य माणसं क्वितकडे झिंगण्याची शिकवणी घेऊ लागली. औषधवाले, कासार, चर्चचा घंटावाला, सगळे रांगेत उभे राहत. क्वित हाडाचा शिक्षक निघाला. "अहो काका, पाय कसले टाकताय असे? लग्नाच्या वरातीत आहात का? खांदा आधी पडतो, मग माणूस. हं, पुन्हा."

पण खातंही झोपलेलं नव्हतं. झिंगणं हा पुरावा नव्हे, रिकामी बाटली हा पुरावा, असं नवं पत्रक निघालं. माणशी सात लिटरांच्या रिकाम्या बाटल्या ज्याच्या दारात नाहीत त्याच्या घराची फरशी उखडायची. मग लोकांनी बाटल्या विकत घेतल्या, देवळामागच्या कमळतळ्यात ओतल्या आणि रिकाम्या दारात मांडून ठेवल्या. चौथ्या महिन्यात तळ्यातली बदकं एका रेषेत पोहायची बंद झाली. पाचव्यात ती पोहायचीच बंद झाली. साहेबांनी दारादारांतल्या बाटल्या मोजल्या, मागणी प्रचंड असल्याचं वर कळवलं, आणि सरकारनं लोकांची आवड लक्षात घेऊन तहान माणशी नऊ लिटर केली.

या सगळ्यात झडती म्येन आजीच्या घरीही झाली. आजी ऐंशीला टेकलेली, पान चघळून दात काळे झालेले. तिच्या गोठ्यात पाच डुकरं होती आणि पाचही भर दुपारी घोरत पडली होती. दारू गाळून उरलेला भाताचा चोथा आजी डुकरांना घालत असे. भर दुपारी झोपणारी डुकरं उभ्या पेठेत फक्त तिच्याकडे होती. शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ कळत होता.

साहेब गोठ्यापुढे थांबले. 

"डुकरं चांगली पोसलीत," साहेब म्हणाले.

"स्वभावानं गरीब आहेत हो," आजी म्हणाली.

खात्याची त्या घरात येण्याची ती अकरावी खेप होती.

नऊ लिटरांचं पत्रक आलं त्या रात्री देवळात पेठेची सभा भरली. शाळेचे दुए मास्तर बोलायला उठले. ते थुआनचे मेहुणे. हुशार माणूस, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

"मंडळी, रोग काय आहे? दारू? नाही. मक्ता? तोही नाही. रोग हा आहे की मक्ता परक्या माणसाकडे आहे. दरवर्षी त्याचा लिलाव होतो. या वर्षी तो आपण घेऊ. पेठेची समिती करू. दुकान आपलं, फळी आपली, फळीमागे बसणारा माणूस आपला. मग बाटलीत काय आहे ते कोण बघतंय?"

मग मागून कासार हळूच म्हणाला, "म्हणजे म्येन आजीची... दुकानात?"

"मी नाव घेतलेलं नाही," मास्तर म्हणाले. टाळ्या पडल्या. म्येन आजीसुद्धा मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. थुआनच्या डोळ्यांपुढे अकराव्या महिन्यातला देव्हारा उभा राहिला. उजळ माथ्यानं, खऱ्या दारूनं भरलेले तीन पेले. समितीचा अध्यक्ष व्हायला तो एका पायावर तयार झाला.

अनामत म्हणून देवळाचं शेत लावलं. पेठेतल्या सगळ्या सणांचा चिकट तांदूळ त्याच शेतातून येई. लिलावाला लोंग शेठही आले होते. त्यांनी बोली बोलली नाही. सबंध लिलावभर ते टरबुजाच्या बिया फोडत बसले आणि समितीच्या नावावर हातोडा पडला तेव्हा उठून प्रत्येकाशी हात मिळवून गेले. त्यांचा चेहरा इतका प्रसन्न कुणी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेरद्री साहेब अभिनंदनाला आले. सोबत बैलगाडीभर बाटल्या आणि मखमलीच्या पेटीत दारू मोजायचा काचेचा काटा. नळकांड्यात दारू ओतायची, काटा सोडायचा, तो तरंगतो तिथला आकडा वाचायचा. चाळीस आला तर कारखान्याची. कमी आला तर गुन्हा.

मास्तरांनी घसा साफ केला. "साहेब, समजा, म्हणजे नुसतं समजा, समितीला एखादा स्थानिक माल ठेवावासा वाटला तर?"

साहेबांनी प्रेमळपणे त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, विकायचा परवाना तुमचा. गाळायचा परवाना कारखान्याचा. पिण्याचं कर्तव्य पेठेचं. ही तीन वेगळी टेबलं आहेत. आणि माणशी नऊ लिटर खपली नाही तर शेत सरकारजमा. सही केलीत ना?"

सही थुआनची होती.

पहिला महिनाभर दुकानाकडे कुणी फिरकलं नाही. मक्ता आपलाच झाला म्हटल्यावर घ्यायचं कशाला, असं लोकांचं म्हणणं. म्येन आजीच्या मागच्या दाराशी मात्र बरण्या घेऊन रांग लागत होती. कुणी लपवतही नव्हतं. राज्य आपलं होतं.

समितीची पहिली बैठक भरली तेव्हा पाचही सभासदांचे चेहरे उतरलेले होते.

"शेत गेलं तर सणाला भात कुठला?" कासार म्हणाला.

"लोकांना कळतच नाही," औषधवाले म्हणाले. "शेठच्या भीतीनं घेत होते, आपल्यासाठी घ्यायला काय होतंय?"

"मग सक्ती करायची का?" थुआननं विचारलं. "आपणच?"

दुए मास्तरांनी दोन झुरके मारून गुडगुडी बाजूला ठेवली. "आपल्या माणसांनी केली तर तिला सक्ती म्हणत नाहीत भावजी. वर्गणी म्हणतात."

त्या दिवसापासून पेठेत एक नवं वाक्य रंगवलेलं दिसू लागलं: 'आपली पेठ, आपली तहान'. ज्याच्या दारात बाटल्या कमी, त्याच्या दारावर समितीचा माणूस उभा राही आणि शरमेनं विचारी, "काका, शेत वाचवायचंय ना?" वेळेला शरम कमी पडली तर फरशी उखडत. खात्याला फरशी उखडायला अर्धा दिवस लागे. समितीला तेवढा वेळ लागत नसे, कारण कुठली फरशी पोकळ वाजते हे तिला लहानपणापासून माहीत होतं. क्वितला हुंगण्याच्या कामावर नेमलं. कारखान्याची त्याच्या घशाखाली उतरत नव्हती आणि आजीची पिण्याची त्याला नोकरीमुळे बंदी झाली. पेठेतला एकुलता एक दारुडा अशा रीतीनं सुटला.

इथपर्यंत वाचून समितीचा राग येणं साहजिक आहे. थुआनलाही आला होता. रात्री जेवताना तो बायकोला, दिऊला म्हणालासुद्धा, "मी आहे म्हणून निदान रीतीनं चाललंय. दुसरा कुणी असता तर काय केलं असतं, कल्पना कर." दिऊनं कल्पना केली. तिला काही फरक दिसला नाही, पण तिनं भात वाढला.

तरीही नऊ लिटर भरेनात. नवव्या महिन्यात मास्तरांनी आकडेमोड मांडली. "शिल्लक तहान अजून निम्मी आहे. ती कुठे भागतेय?"

पाचही जण गुडगुडीकडे बघत बसले. कुणी नाव घेईना. शेवटी नाव घेण्याचं काम अध्यक्षाचं आहे, असं चौघांच्या मतानं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी थुआन गेला. मागे मास्तर, क्वित आणि दोन मजूर. आजी उंबऱ्यात सुपारी कातरत होती.

"अगंबाई, थुआन तू? ये, पान खा. बापाचं श्राद्ध जवळ आलं ना? तुझी वेगळी काढून ठेवलीय मी."

"आजी, समितीचा नियम आहे."

"कुणाच्या समितीचा?"

"आपल्या."

"आपल्या म्हणजे मीपण आहे होय तिच्यात?"

"सगळी पेठच आहे, आजी."

"मग मी मला धरायला येणार आहे, हे मला कुणी कळवलं कसं नाही?"

क्वित हसला आणि मास्तरांनी त्याच्याकडे बघताच थांबला. थुआनची मान खाली होती. आजीनं अडकित्ता बाजूला ठेवला.

"साहेब अकरा वेळा आला. अंगण खणलं, छप्पर उसवलं, माझी पेटी उचकटली. काही मिळालं नाही त्याला. तुला कुठे बघायचं ते कसं कळणार?"

थुआन गोठ्याकडे बघत होता. "डुकरं झोपली आहेत, आजी."

"हो. त्यांना कुठे समिती आहे."

गोठ्यातला पेंढा बाजूला केला. त्याखाली फळ्या, फळ्यांखाली सात रांजण. झाकणं निघताच चिकट भाताचा, दालचिनीचा आणि थोड्या करपलेल्या शेगडीचा वास उठला. क्वितचे डोळे भरून आले. त्यानं ते नोकरीत बसेल इतकेच पुसले. आजीला जिल्ह्याला नेलं. वयाचा विचार करून शिक्षा सहाच महिन्यांची झाली. गाडीत बसताना तिनं डोक्याच्या रुमालाच्या टोकानं तोंड पुसलं आणि थुआनला म्हणाली, "चोथा उरलाय. डुकरांना घाल, वाया घालवू नकोस. आणि बापाला माझा नमस्कार सांग. आला तर."

जप्त माल पाच सभासदांच्या समक्ष नष्ट करावा, असा नियम होता. समितीनं तो तंतोतंत पाळला. बैठकी संध्याकाळी ठेवल्या. उघड्यावर रांजण बरा दिसत नाही म्हणून माल आधी चहाच्या किटलीत घेत. पहिल्या बैठकीत एक रांजण नष्ट झाला, दुसरीत एक. तिसऱ्या बैठकीत दोन रांजण नष्ट होत असताना मास्तरांनी ठराव मांडला की, हातभट्टीची दारू लपवायला श्राद्धाचे पेले ही सोयीची जागा असल्यानं यापुढे पेठेत कुठल्याही देव्हाऱ्यावर ठेवलेली दारू काट्यानं मोजावी. ठराव एकमतानं आणि थोडासा गात मंजूर झाला. चौथ्या बैठकीत आणखी दोन रांजण गेले. आजीचं तुरुंगात जाणं सगळ्यांना फार लागलं होतं; त्या रात्री कासार तर रडला.

सातवा रांजण थुआनच्या ओसरीवर होता. पाचवी बैठक त्याच्याकडे, श्राद्धाच्याच दिवशी ठरली होती. अध्यक्षाच्या घरचे पेले पहिल्यांदा मोजले तर पेठेला चांगला धडा मिळेल, असं सर्वांचं मत पडलं.

सकाळपासून दिऊ चुलीपाशी होती. कोंबडी उकडून झाली, वळे कापून झाले. पेले पुसून तिनं देव्हाऱ्याशी ठेवले आणि नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, मामंजींना आजीची ओतणार म्हणाला होतात ना?"

"काटा येणार आहे."

"ओसरीवर अख्खा रांजण आहे की."

"तो नष्ट करायचाय."

"मग मामंजींच्या पेल्यात नष्ट करा."

थुआननं यावर खरंच विचार केला. "पाच सभासदांसमक्ष करायचा असतो. बाबा सभासद नाहीत. त्यांना आज घेतलं तर उद्या प्रत्येक जण आपापला बाप घेऊन येईल."

"आणि ते दारातनं परत गेले तर?"

"बाबा समजूतदार होते."

"कधी?" दिऊनं विचारलं.

थुआननं कारखान्याची बाटली फोडली आणि तिन्ही पेले काठोकाठ भरले. थोडी सांडली. सांडलेल्या जागेवरचं रोगण पांढरं पडलं.

दुपारी समिती आली. पांढरे कपडे अंगणात जाळायला काढून ठेवलेले होते. एका पेल्यात काटा तरंगत नाही, म्हणून मास्तरांनी तिन्ही पेले नळकांड्यात एकत्र ओतले, काटा सोडला, गुडघ्यावर बसून डोळा पातळीच्या रेषेत आणला आणि आकडा मोठ्यानं वाचला. मग दारू जपून परत तिन्ही पेल्यांत ओतली. थेंबही सांडला नाही. शिकलेल्या माणसाचा हात.

थुआननं उदबत्त्या लावल्या, तीनदा वाकला आणि बापाला जेवायला बोलावलं. दार सताड उघडं होतं. उदबत्त्या निम्म्या झाल्या तेव्हा वाऱ्यानं दाराची फळी एकदा वाजली. थुआननं मागे वळून पाहिलं नाही.

उदबत्त्या संपल्यावर मंडळी चटईवर टेकली. दिऊनं मधोमध किटली आणून ठेवली आणि पाच वाट्या. अंगणात कपडे पेटले होते. अध्यक्षांच्या वडिलांना आता काही कमी नाही, असं औषधवाले म्हणाले. दाराशी उकिडवा बसलेला क्वित नाक वर करून म्हणाला, "चहा छान मुरलाय."

काटा वापरल्यावर नळकांडं विसळून ठेवावं, अशी खात्याची सूचना होती. मास्तर सूचनांच्या बाबतीत काटेकोर होते. बोलता बोलता त्यांनी हाताशी आलेली किटली उचलली आणि नळकांड्यात धार धरली. काटा आतच राहिला होता. तो हळूहळू वर आला, दोनदा डोलला आणि स्थिर झाला. पाचही जणांनी, सवयीनं, मान वाकवून आकडा वाचला.

पेल्यांत चाळीस. किटलीत एकतीस.